बोलपट मराठी बोलू लागला तेव्हा

आपल्या मंडळात जुन्या मराठी चित्रपटांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "गाणी काय होती हो तेव्हाची!" आणि दुसरं, जरा खालच्या आवाजात, "पण अभिनय फार नाटकी." पहिल्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र आहे, आणि हा लेख त्या तक्रारीपोटी लिहिला आहे. 'नाटकी' हा शब्द आपण 1932 पासून 1941 पर्यंतच्या सगळ्या चित्रपटांना सरसकट चिकटवतो. वास्तविक त्या नऊ-दहा वर्षांत मराठी बोलपट नाटकाच्या घरातून बाहेर कसा पडला, हीच तर त्या काळाची खरी गोष्ट आहे. ती गोष्ट प्रामुख्यानं एका कंपनीच्या आवारात घडली, म्हणून मीही त्या आवाराबाहेर फारसा जाणार नाही.

मी चित्रपटांचा अभ्यासक नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि त्याआधी काही वर्षं सिग्नल प्रोसेसिंगमध्ये डॉक्टरेटसाठी घालवली. त्यामुळे चित्रपट बघताना माझं निम्मं लक्ष आवाजाकडे असतं. घरच्यांना याचा त्रास होतो. पण 'प्रभात'चे चित्रपट समजून घ्यायला ही सवय उपयोगी पडली, असं माझं मत आहे.

'प्रभात फिल्म कंपनी' 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात सुरू झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघं बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी. पेंटर हे मुळात चित्रकार. त्यामुळे या मंडळींना दृश्य कसं रचायचं, उजेड कुठून टाकायचा, पडदा आणि देखावा कसा रंगवायचा हे उत्तम ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो आवाज. 14 मार्च 1931 ला मुंबईत 'आलम आरा' लागला आणि मूकपटांचे दिवस भरले. वर्षभराच्या आत, 6 फेब्रुवारी 1932 ला, 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. 'आलम आरा'ची प्रत आज कुठेच नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र आहे, आणि उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय बोलपटांत त्याची गणना होते. म्हणजे मराठी माणसाला हे भाग्य आहे की आपला बोलपट अगदी बोबडं बोलत होता तेव्हापासूनचा आपल्याला ऐकता येतो.

त्या वेळी आवाज कसा घेत, हे समजल्याशिवाय त्या अभिनयाला नावं ठेवणं अन्यायाचं होईल. पार्श्वगायन नव्हतं. नट जिथे उभा, तिथेच आणि त्याच क्षणी गाणार. पेटी, तबला, सारंगी घेतलेली मंडळी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, कधी झाडाआड, कधी खांबाआड बसणार. मायक्रोफोन थोडे आणि फार संवेदनशील नव्हेत. कॅमेऱ्याची घरघर त्यात येऊ नये म्हणून कॅमेरा झाकून ठेवायचा, म्हणजे तो हलवणंही कठीण. अशा परिस्थितीत निर्मात्याला कसा नट हवा? ज्याचा आवाज लांब जातो, उच्चार स्वच्छ आहेत, आणि जो एका दमात चुकल्याशिवाय पद म्हणू शकतो असा. असे लोक महाराष्ट्रात एकाच ठिकाणी मिळत, ते म्हणजे संगीत नाटकाच्या बिऱ्हाडी. 'नाटकी' अभिनय ही आवड होती त्यापेक्षा अधिक ती गरज होती.

म्हणून हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. 1911 च्या 'मानापमान'च्या चाली ज्यांच्या, तेच इथे नट आणि तेच संगीतकार. त्यांचा हरिश्चंद्र प्रत्येक वाक्य पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकाला ऐकू जाईल असं म्हणतो. पण शेजारी तारामती आहे दुर्गा खोटे, आणि तिथे गंमत होते. मुंबईच्या सुखवस्तू घरातली, कॉलेजात शिकलेली ही बाई नाटक कंपनीत वाढलेली नाही. तिला हातवारे माहीत नाहीत, पल्लेदार वाक्य फेकणं माहीत नाही. ती जवळच्या माणसाशी बोलावं तशी बोलते. एकाच चौकटीत दोन जमाने उभे आहेत असं वाटतं. 'फरेबी जाल' या चित्रपटातल्या छोट्याशा कामामुळे तिच्यावर आधी केवढी टीका झाली होती, हे तिच्या 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. घरंदाज बायका पडद्यावर यायला लागल्या, याचा सामाजिक अर्थ सगळे सांगतात. भाषेवर झालेला परिणाम कमी सांगितला जातो. त्यांच्याबरोबर घरातलं मराठी पडद्यावर आलं.

1933 साली कंपनी पुण्याला आली. 'प्रभात' आपले बहुतेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढी. तेच सेट, तीच गोष्ट. नट कधी तेच, कधी वेगळे. एक शॉट मराठीत झाला की तोच हिंदीत. आमच्या क्षेत्रात असा प्रयोग करायला मिळाला तर माणूस हरखून जाईल: बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलून बघायची. 'अमृतमंथन' (1934) घ्या. हिंदीत राजगुरू चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. चंद्रमोहनचे ते डोळे, पडदाभर पसरलेले, सगळ्यांना आठवतात. पण तो डोळ्यांचा अभिनय आहे. संवाद गर्जनेचे आहेत. दात्यांकडे तसे डोळे नव्हते. त्यांच्याकडे आवाज होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाज खाली आणायची हिंमत होती. राजगुरूचा दुष्टपणा ते शब्दांच्या मधल्या जागांत ठेवतात. दोन्ही बघितल्यावर माझा कौल दात्यांना. पण हे मी मराठी असल्यामुळे म्हणत असेन, ही शक्यता प्रयोगाच्या नियमानुसार नोंदवून ठेवतो.

केशवराव दाते हे शिकले कुठे? 1 जुलै 1933 रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. स्त्रियांची कामं स्त्रियांनी केली, आणि बोलणं दिवाणखान्यात बोलावं तसं. त्यात दाते होते आणि संगीत केशवराव भोळ्यांचं होतं. व्यवसाय म्हणून संस्था फार टिकली नाही. पण तिथली दोन माणसं, दाते आणि भोळे, 'प्रभात'मध्ये आली, आणि जे रंगभूमीला पचलं नाही ते चित्रपटाला पचलं. मराठी चित्रपटाला नाटकानं बिघडवलं असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की त्याला सुधारणारी माणसंही नाटकाचीच होती.

आता 'धर्मात्मा' (1935) बद्दल, जरा जपून. बालगंधर्वांना 'प्रभात'नं संत एकनाथ केलं. संगीत मास्टर कृष्णरावांचं, म्हणजे गंधर्व मंडळीतल्याच माणसाचं. चित्रपटाचं आधीचं नाव 'महात्मा' होतं. त्यात गांधीजींचा वास आला म्हणून सेन्सॉरनं ते बदलायला लावलं. विषय अस्पृश्यतेचा, त्या वर्षांतला अगदी जळता. एवढं सगळं जुळून आलेलं असताना चित्रपट बालगंधर्वांपाशी येऊन थांबतो. माझी आजी हे वाक्य वाचून मला घराबाहेर काढती. पण ज्या माणसानं आयुष्यभर प्रेक्षकांपासून पन्नास फुटांवर, दिव्यांच्या उजेडात स्त्रीचं सौंदर्य उभं केलं, त्याच्यापुढे एकदम तीन फुटांवर कॅमेरा आणून ठेवला आणि सांगितलं की आता पुरुष हो. गाणं आलं की ते सावरतात; गाणं संपलं की कुठे बघावं ते त्यांना कळत नाही असं वाटतं. 'प्रभात'बरोबरचं त्यांचं हे एवढंच काम. दोष त्यांचा म्हणवत नाही. पण हा चित्रपट मी दुसऱ्यांदा पुरा बघू शकलो नाही.

आणि मग पुढच्याच वर्षी असाच एक पूर्वीचा स्त्रीपार्टी नट, विष्णुपंत पागनीस, संत म्हणून उभा राहतो आणि इतिहास घडतो. 'संत तुकाराम' (1936). दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकर, संगीत केशवराव भोळे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली, हे आपण अभिमानानं सांगतो. पण बालगंधर्वांना जे जमलं नाही ते पागनिसांना का जमलं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर असं: पागनीस पडद्यावर गाऊन दाखवत नाहीत, ते भजन करतात. ते स्वतः भजनात मुरलेले होते, आणि भजनी माणसाला श्रोता समोर लागत नाही. त्याची नजर आत वळलेली असते. मग कॅमेरा तीन फुटांवर असो की तीनशे.

भोळ्यांनी हे नेमकं ओळखलं. चित्रपटात सालोमालो नावाचा ढोंगी बुवा आहे. तो तुकोबांचे अभंग चोरून आपल्या नावावर गातो. गातो कसा? संगीत नाटकाच्या थाटात, ताना घेत, हरकती मारत, टाळीची वाट बघत. भागवतांनी ही भूमिका झकास केली आहे. आणि तुकाराम गातो साधं, एकेका शब्दावर टेकत. म्हणजे खरा आणि खोटा भक्त कोण, हे प्रेक्षकाला संवाद न ऐकताही, नुसत्या गायकीवरून कळतं. नाट्यसंगीताच्या ऐन राज्यात, नाट्यसंगीतावर वाढलेल्या प्रेक्षकापुढे, खलनायकाच्या तोंडी नाट्यसंगीताची ढब द्यायची! भोळे स्वतः संगीताचे जाणकार टीकाकार होते. ही त्यांची टीकाच होती, फक्त लेखाऐवजी चाल लावून केलेली. यापेक्षा मार्मिक संगीत-समीक्षा मराठीत मी वाचलेली नाही.

या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं बीज आणि झाडाचं एक गाणं आहे. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं की लोक आजही तो अभंग गाथेत शोधतात. आमच्याच मंडळात एका कार्तिकी एकादशीला तो तुकारामांचा म्हणून गायला गेला. मी गप्प बसलो. आठवल्यांना यापेक्षा मोठी दाद कोणती मिळणार होती?

पण माझ्या मते हा चित्रपट तुकारामाइतकाच आवलीचा आहे. ते काम गौरीनं केलं. गौरी ही काही नामवंत नटी नव्हती. 'प्रभात'च्या गर्दीतल्या बारीकसारीक कामांतून ती वर आली होती. तिला कुणी अभिनय शिकवला नव्हता हे आपलं नशीब. आवलीला पोरं आहेत, म्हैस आहे, चूल आहे, आणि नवरा घरातलं असेल ते वाटून टाकतो आहे. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते, हातात पायताण, आणि विठोबालाच जाब विचारते. या दृश्यात तिचा आवाज चिरका होतो, शब्द एकमेकांवर आदळतात. 1932 मधला कुठलाही नट असं बोलला नसता, कारण त्याला प्रत्येक शब्द पोचवायचा होता. आवलीला काही पोचवायचं नाही, तिला भांडायचं आहे. माझ्या हिशोबानं मराठी बोलपट खऱ्या अर्थानं मराठी बोलू लागला तो इथे.

चमत्कारांमुळे या चित्रपटाला भाबडा म्हणतात. चमत्कार आहेत, आणि फत्तेलालांच्या कलाविभागानं ते मनापासून केले आहेत. पण शेवट आठवा. तुकोबा वैकुंठाला निघाले आहेत, आवलीला चल म्हणतात, आणि ती चुलीपाशी आहे. तिला हे सगळं खुळ्यासारखं वाटतं. पोरांचं कोण बघणार? वैकुंठाचं विमान येतं, जातं. ती मागे राहते. भाबडा चित्रपट असता तर तिलाही विमानात बसवलं असतं. मी हा चित्रपट लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा विमान बघत होतो. आता परदेशात, आईवडील तिकडे आणि आपण इकडे, अशा वयात पाहिला तेव्हा मागे राहिलेल्या बाईकडेच बघत राहिलो. निघून जाणाऱ्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो, आपल्या अंकांतूनही.

'कुंकू' (1937) हा शांतारामांचा चित्रपट, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा म्हणजे शांता आपटे, आणि काकासाहेब म्हणजे पुन्हा केशवराव दाते. आवाजाच्या दृष्टीनं हा सर्वांत धाडसी मराठी चित्रपट. नेहमीसारखं पार्श्वसंगीत त्यात नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. भिंतीवरचं जुनं घड्याळ काकासाहेबांच्या वयाची आठवण देत राहतं. आज एखादा दिग्दर्शक असं करतो तेव्हा आपण त्याला नव्या वाटेचा म्हणतो. हे 1937 साली केलं, तेही संगीतासाठीच थिएटरात येणाऱ्या प्रेक्षकासाठी.

दाते यात आवाज जवळजवळ वापरतच नाहीत. काकासाहेब दुष्ट नाहीत. आपलं चुकलं हे त्यांना कळत जातं, आणि ते कळणं दाते खांद्यांतून दाखवतात. शांता आपटेचं उलट. ती गाताना हात, मान, डोळे सगळं मोकळं सोडते. त्याआधी गाणारी नटी म्हणजे मूर्ती असे. लाँगफेलोची 'साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता ती चक्क इंग्रजीत गाते. उच्चार आपल्या मुलांना हसू आणतील, आवेश नाही आणणार. सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, संततिनियमनाच्या कार्यामुळे पुढे सर्वांना माहीत झालेल्या. शांता आपटेचा बाणा पडद्यापुरता नव्हता: 1939 साली कंपनीशी वाद झाला तेव्हा तिनं 'प्रभात'च्या दारातच उपोषण केलं. या चित्रपटाचा शेवट मात्र मला कधी पटलेला नाही. काकासाहेब आत्महत्या करून नीरेला मोकळी करतात. म्हणजे एवढं लढूनही सुटका अखेर नवऱ्यानंच दिली. नीरेनं उंबरा ओलांडला असता तर? पण 1937 च्या प्रेक्षकानं खुर्च्या मोडल्या असत्या, हेही खरं.

'माणूस' (1939) बद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. शाहू मोडकांचा साधा पोलीस शिपाई, शांता हुबळीकरांची मैना, उद्याची चिंता कशाला असं विचारणारं तिचं ते अनेक भाषांतलं गाणं. अनंत काणेकरांची भाषा चुरचुरीत आहे, क्वचित जास्तच.

'शेजारी' (1941) वर मात्र थांबायला हवं. कथा विश्राम बेडेकरांची: एका गावातले दोन जिवलग म्हातारे, एक हिंदू, एक मुसलमान, त्यांच्यात धरणाच्या कामापायी पाडलेली फूट. मराठीत जिवबा केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त जागीरदार मिर्झाच राहिले, आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे मुसलमान नट हिंदू आणि हिंदू नट मुसलमान. मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव 1940 चा. हा चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षीचा. दोन म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा डाव आणि शेवटी फुटणारं धरण, यांत जे सांगितलं आहे ते कुठल्याही भाषणात नाही. आणि इथे 'नाटकी' म्हणणाऱ्यांनी दोघांमधला अबोला बघावा. दोघं समोरासमोर आहेत, बोलत नाहीत. दहा वर्षांपूर्वी ज्या पडद्याला एक क्षणभरही गप्प बसवत नव्हतं, तो आता गप्प राहून बोलतो आहे.

त्यानंतरची हकीगत थोडक्यात. 1942 साली शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत 'राजकमल' काढली. 'रामशास्त्री' (1944) हा उरलेल्यांचा शेवटचा मोठा चित्रपट, त्यात ललिता पवारांची आनंदीबाई चुकवू नये. 1945 साली दामले गेले. पुढच्या दशकात कंपनी बंद पडली, आणि 1960 पासून त्याच आवारात सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

आता एक तांत्रिक गोष्ट. त्या काळच्या फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा. हा पदार्थ जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःतूनच पुरवतो, त्यामुळे एकदा पेटला की पाण्यानंही विझत नाही. 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळं गेली. जे आपण आज बघतो ते बहुधा प्रतीच्या प्रतीची प्रत. त्यातला आवाज साफ करायला बसलेले उत्साही लोक आणखी एक घोटाळा करतात. जुन्या ध्वनिपट्टीत पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं, आणि खरखर नेमकी त्याच्या आसपास असते. खरखर पुसली की तिच्याबरोबर 'स', 'श' आणि आपले दोन 'च' पुसट होतात: 'चहा'तला एक आणि 'चमचा'तला दुसरा. मग मराठी बोबडं ऐकू येतं आणि आपण नटाला दोष देतो. तेव्हा पर्याय असेल तर खरखर असलेली प्रत निवडा. कान पाच मिनिटांत सरावतात.

मंडळाच्या येत्या कार्यक्रमासाठी आम्ही तिघंजण 'संत तुकाराम'ची इंग्रजी उपशीर्षकं नव्यानं लिहितो आहोत, कारण उपलब्ध आहेत ती आवलीला व्हिक्टोरियन बाई करून टाकतात. काम तिसऱ्या रिळापाशी अडलं आहे. मराठी बाई रागाच्या भरातही नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि देवाला 'अरे'. इथे जन्मलेली माझी मुलगी विचारते, मग तिच्या जवळचा कोण? इंग्रजीत दोघांनाही एकच शब्द. कुणाला काही सुचलं तर कळवावं. चित्रपट दाखवायला अजून सहा आठवडे आहेत.